पाण्यातले देव

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय विचारतो? नोकरी कुठे, लग्न झालं का, मटण-मासळी करता का, पाहुणे किती येतात. हुडकेश्वरच्या लेआउटमधल्या, म्हणजे नागपूरच्या कडेच्या वस्तीतल्या, त्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा जाळीच्या दारामागून एक उंच, पाठीत वाकलेला माणूस आला. भर मार्चात गळ्याला मफलर. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझा देव कुठं राह्यते?"

मी म्हटलं, गेली खोली. हे आता जात काढणार.

"काटोलजवळ आमचं गाव आहे. तिथं देवीचं..."

"गाव नाही वं विचारून राहिलो, पोरी. देव आन जग, या दोघाइचं घरमालक-भाडेकरूसारखं धर. मालक चार तऱ्हेचे असतात. एक मालक घर बांधते, किल्ली देते आन पोराकडे पुण्याले जाऊन बसते. फोन केला तं उचलत नाही. घर चालू आहे त्यानं करून ठेवलेल्या फिटिंगवर. दुसरा मालक खालीच राह्यते. तुम्ही वर नळ जास्त सोडला का जिना चढून येते. रागावते, समजावते, अडीअडचणीले धावूनही येते. तिसरा म्हणजे, मालक असा वेगळा कोणी नाहीच. या विटा, हा नळ, तू, मी, हेच मालक. आता सांग, हात कोणाले जोडशील? आन चौथा! घर मालकाच्या आत आहे, पण मालक घराएवढाच नाही. घर भरून उरते तो. तं तुहा कोणता?"

बॅगेचा पट्टा खांद्यात रुतत होता. बसायलाही सांगितलं नव्हतं त्यांनी.

"सर, मी सकाळी लॅबमध्ये जाते, दिवसभर लोकांचं रक्त काढते, संध्याकाळी परत येते. माझ्या देवाचं नंतर पाहू. तुम्ही कोणते मालक आहात तेवढं आधी सांगा."

आतून एका बाईचं खळाळून हसणं ऐकू आलं. "आता द्या उत्तर!" मग पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या. ठेंगण्या, गोल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "द्या तिले खोली. तोंड आहे पोट्टीले. तुमच्यासंग मी एकटी किती दिवस भांडू?"

अशी मला ती वरची खोली मिळाली. तोंड आहे म्हणून.

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मूळचे पारशिवनीकडचे, शेतकऱ्याघरचे. भाऊ अजून तिकडे धान करतात. सर स्वतःच सांगायचे की त्यांच्या वर्गात पोरं यायची ती दुसऱ्या विषयात जागा मिळाली नाही म्हणून. पण एकदा आलेलं पोरगं पळून जायचं नाही, कारण हा माणूस अख्खा वेदान्त वऱ्हाडीत शिकवायचा. मी एकदा विचारलं, "सर, वर्गात तरी शुद्ध बोलायचं ना?" तर म्हणाले, "शुद्ध बोलतो तवा मले वाटते मी दुसऱ्याचं उष्टं बोलून राहिलो."

राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात न्हाणीतला नळ गळायला लागला. मी खाली जाऊन सांगितलं. सर म्हणाले, "बरं." काही झालं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा "बरं." पुढच्या वेळी तर नुसती मान हलवून आत निघून गेले. मी काटोलची. आमच्याकडे संत्र्याच्या व्यापाऱ्यालाही कोणी इतक्या वेळा सांगत नाही. मी गच्चीवर गेले आणि टाकीतून खाली त्यांच्या घरात जाणारा वॉल्व बंद करून टाकला.

थोड्या वेळानं सर जिन्यात हजर. कमरेला टॉवेल आणि अंगभर साबण. मला वाटलं, आता बॅग भरायची. पण चेहऱ्यावर राग कुठला! पतंग हाती लागलेल्या पोरासारखा आनंद.

"मी पाहून राहिलो होतो, मालक पुण्याचा निघाला तं भाडेकरू काय करते! तू तं पाणीच तोडलं! आता सांग, मालक आला का आणला?"

"आणला," मी म्हटलं. "आता नळ पाहा."

"आणला? मंग तो मालक कायचा? भाडेकरूनं ओढून आणला तं भाडेकरूच मालक झाला न!" साबण डोळ्यांत उतरत होता, तरी त्यांना तिथंच उभं राहून ते सोडवायचं होतं. खालून काकूंचा आवाज आला, "अहो, आधी आंग धुऊन घ्या, मंग देव शोधा!"

त्या दिवसापासून 'आला का आणला' हे त्यांचं पालुपद झालं. सिटी बस वेळेवर आली की, "आली का आणली?" गेलेली लाईट परत आली की तेच. भाजीवाल्याला तर त्यांनी कधीचंच 'चौथ्या नंबरचा' ठरवून टाकलं होतं, का ते भाजीवाल्याला नीट ठाऊक नव्हतं, पण तो दुसऱ्या गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा, "सर म्हणतात मी चौथा आहे. चौथा सगळ्यात वरचा राह्यते." आणि मेथीची जुडी जरा जास्तच घट्ट बांधायचा.

सर स्वतः कोणत्या नंबरचे? बाहेर चौथ्याचं गुणगान, पण खरं मन तिसऱ्यावर. मिठाचा दाखला त्यांचा फार लाडका. "मीठ पाण्यात टाकलं का दिसते का? नाही. पण वरून प्या, खालून प्या, खारटच. तसा देव. वेगळा काढून दाखवता येत नाही. मंग कोणापुढं बसता, कोणाले मागता?" हे जवळजवळ रोज, वरणभाताच्या पहिल्या घासाला.

एका रविवारी मी खाली जेवायला होते. सरांनी पहिला घास घेतला आणि थांबले. वरणात मीठ नाही, भाजीत मीठ नाही, कढीत नाही. काकू गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "आज देव वेगळा काढून ताटाच्या कोपऱ्यात बसवला आहे. लागन तेवढा घ्या." आणि खरंच, ताटात वरच्या बाजूला डावीकडे, जिथं मीठ वाढतात तिथं, मिठाचा ढीग. हसून हसून मला ठसका लागला. सर मात्र चमचा हातात धरून विचारात पडले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हिनं द्वैत वाढलं वं ताटात." आणि चिमटीनं मीठ घेत घेत, अगदी मन लावून जेवले.

काकू काही शिकलेल्या तत्त्वज्ञ नव्हत्या बरं का. पोस्टात नोकरी केली, दोन्ही घरची लग्नं-बारशी निभावली, आणि संसारभर या माणसाशी वाद घातला. वादात कधी जिंकायच्या, कधी साफ हरायच्या, पण हरल्या तरी शेवटचं वाक्य त्यांचंच. त्यांचा स्वयंपाकघरात छोटा देव्हारा होता, खिडकीशेजारी. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, महादेवाची पिंड, सगळे पितळेचे, अंगठ्याएवढे. त्यांच्याशी काकूंचं जे काही चालायचं त्याला पूजा म्हणायचं की घरकाम, मला कधी ठरवता आलं नाही. नागपूरच्या मे महिन्यात आपल्या जीवाची लाही होते. काकू कूलरचं तोंड देव्हाऱ्याकडे फिरवून ठेवायच्या. सर घामानं निथळत यायचे आणि कूलर आपल्याकडे वळवायचे. काकू परत फिरवायच्या.

"जो सूर्यात आहे म्हणतात त्याले कूलर?"

"तुमचा सूर्यात आहे. माझा देव्हाऱ्यात आहे. त्याले गरम होते."

"काहून होईन गरम? पितळ आहे ते!"

"मंग तुम्ही काय हाडामासाचे म्हणून लय थंड राह्यता का? सरका."

हिवाळ्यात त्याच काकू बाळकृष्णाला लोकरीची टोपी विणायच्या, बोराएवढी. पिंडीवर अभिषेकाचं पाणी कोमट करून. सरांना या सगळ्याचा राग नव्हता, त्यांना त्याचं कोडं होतं. एकदा वर येऊन माझ्या खोलीतल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुह्या काकूचा देव माझ्या चार खान्यात बसत नाही वं. हा मालकच नाही. घराचं काही करत नाही तो. उलट तिलेच त्याचं करा लागते. असा देव कोणत्या कामाचा?"

"विचारलं का काकूंना?"

"विचारलं. म्हणे, तुम्ही तरी कोणत्या कामाचे आहात?"

त्याच सुमारास पलीकडच्या घरातल्या बाईंनी देव पाण्यात घातले. पोरगा नोकरीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसला होता. निकाल लागेपर्यंत देव पाण्यात, पास झाला की बाहेर. सर ही बातमी घेऊन धावतच आले. "घेराव! हा तं देवाले घेराव! मागणी मान्य करा नाही तं बसा बुडून. तुहा तो वॉल्व आन हे, एकच गोष्ट." त्यांनी लगेच मला घेऊन त्यावर चर्चा सुरू केली: यात देव किती नंबरचा, तो धमकीला भितो म्हणजे त्याची सत्ता किती, वगैरे. काकू मात्र विळी तशीच टाकून उठल्या, पलीकडे गेल्या आणि त्या बाईंना फैलावर घेतलं. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू येत होतं. "पोरगं तुमचं अभ्यास करत नाही आन बुडवता त्याइले? जनावराले तरी कोणी असं ठेवते का बाप्पा!" परत आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "मरणाच्या दारी जरी आली न मी, तरी असं कधी करणार नाही," त्या म्हणाल्या, आणि राहिलेलं वांगं चिरायला बसल्या.

हे मी मुद्दाम सांगतेय. पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी सरांनी खालून हाक मारली. हाकेत घाई नव्हती, नवल होतं. "अवं, जरा खाली ये. काकू आज उत्तरच देऊन नाही राहिली." मी पायऱ्या उतरत म्हटलं, "जिंकलात वाटतं सर आज." स्वयंपाकघरात काकू खाली बसल्या होत्या, पुढ्यात वडीसाठी निवडलेला सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. एक काडी हातात तशीच. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. सर समोर पाटावर बसून तिसऱ्या मालकाचा मुद्दा मांडत होते आणि उत्तराची वाट पाहत होते. संसारात पहिल्यांदाच ते आलं नव्हतं.

मी लॅबवाली. मला पाहताक्षणी कळलं. ॲम्ब्युलन्स आली, दवाखाना झाला. काकूंचा जीव वाचला. उजवा हात-पाय कमजोर झाला, तो सुधारेल म्हणाले. वाचा मात्र गेली. समजत सगळं होतं, डोळे लख्ख जागे होते, पण तोंडातून शब्द म्हणून निघेना. डॉक्टर म्हणाले, "येऊ शकते. नाहीही येणार. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा." डॉक्टरांना काय माहीत आपण कोणाला काय सांगतोय! सर पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून सकाळ-संध्याकाळ बोलत राहिले. ईश्वर जगाचं निमित्त आहे का द्रव्य आहे, कुंभार आहे का माती आहे. शेजारच्या पेशंटचे नातेवाईक आधी कंटाळले, मग ऐकायला लागले. काकू नुसत्या बघत राहायच्या.

हैदराबादहून लेक आली, राहिली, रजा संपली तशी रडत परत गेली. एका संध्याकाळी डबा घेऊन गेले तर सर बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलेले. मफलर मांडीवर.

"बोललो आज लय," ते म्हणाले. "मुद्दाम चुकीचं बोललो. म्हटलं, आता तरी चिडन, आता तरी म्हणन का खोटं आहे. नाही वं बोलली. आयुष्यभर हरत आलो मी तिच्यापुढं. आता रोज जिंकून राहिलो. नाही पाहिजे मले असं जिंकणं."

मी डबा उघडून पुढे केला.

"ती पुन्हा बोलली पाहिजे," सर म्हणाले. "हात नाही चालला तं चालन. चालता नाही आलं तं मी उचलीन. पण बोलली पाहिजे. नाही तं मी माझं बरोबर का चूक, कोणाले विचारू?"

घराची किल्ली माझ्याकडे होती. तुळशीला पाणी घालायचं, एवढंच काम. "देवाचं पाहू नको, त्याचं मी पाहून ठेवलं," सर म्हणाले होते. मला ते जरा खटकलंच. पण एकदा दुधाचं पातेलं शोधत स्वयंपाकघरात गेले आणि पाहते तर देव्हारा रिकामा! चोरी म्हणावं तर बाकी सगळं जागच्या जागी. मग देव्हाऱ्याखाली, ओट्याच्या कडेला तांब्याचं घंगाळ दिसलं, वर ताटली झाकलेली. मी ताटली उचलली. तळाशी चौघं. बाळकृष्ण उताणा, डोक्यावर टोपी तशीच, भिजून डोळ्यांवर आलेली.

मी हात लावला नाही. ताटली ठेवली आणि तिथंच बसले. तेवढ्यात सर आले. कपडे बदलायला म्हणून आले होते. माझ्याकडे पाहिलं, घंगाळाकडे पाहिलं, आणि ओट्यावरच्या फिल्टरच्या पाण्याची कळशी घेतली, घंगाळातलं पाणी ओतलं, ताजं भरलं.

"रोज बदलता?"

"बोअरचं पाणी खारं आहे आपलं. पितळेले डाग पडतात."

"सर, तुम्ही? तुमचं ते मीठ?"

"माझा देव पाण्यात टाकला तं विरघळते वं. त्याचा घेराव कसा करू?" ते खाली बसले. "मंग म्हटलं, तिचेच बुडवू. तिचे तिच्यासाठी तरी येतीन."

"काकूंनी त्या बाईंना काय सुनावलं होतं, आठवतं ना?"

"आठवते न," सर म्हणाले. "म्हणूनच सांगू नको तिले."

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. ज्या माणसानं आयुष्यभर सांगितलं की देवाला मागता येत नाही, तो फिल्टरच्या पाण्यानं देवाला धमकी देत बसला होता. मी त्यांना म्हटलं की आता काढा बाहेर. त्यांनी मान हलवली. "बोलल्याशिवाय नाही. घेराव अर्ध्यात सोडला तं पुन्हा कोणी भेत नाही."

काकू घरी आल्या तेव्हा थंडी मी म्हणत होती. नागपूरची थंडी पुण्यामुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. सकाळी नळाचं पाणी बोटं कापतं. काकूंचा पलंग पुढच्या खोलीत टाकला. सरांनी देव्हाऱ्याचं छोटं दार लावून घेतलं आणि काकूंना स्वयंपाकघरात जाऊच द्यायचे नाहीत. चहा पलंगावर, जेवण पलंगावर. काकू डाव्या हातानं आत खुणा करायच्या, सर म्हणायचे, "मी करून राहिलो न पूजा. तू आराम कर." इतकं सरळ खोटं बोलणारा तत्त्वज्ञ मी पाहिला नव्हता. दवाखान्यातून शिकवलेले आवाज ते त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचे, प प प, म म म. काकू ओठ हलवायच्या. आवाज फुटायचा नाही. मग त्या तोंड फिरवायच्या आणि सर मफलरनं नाक पुसायचे.

अशात संक्रांत आली. सणाचं काय सांगावं, त्याला घरातलं काही कळत नाही. आळीतल्या बाया तिळगूळ घेऊन आल्या. एकीनं सवयीनं काकूंच्या हातावर लाडू ठेवला, म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड गोड..." आणि तिथंच तिची जीभ थबकली. सर कोपऱ्यातून म्हणाले, "म्हणा न बाई, म्हणा. गोड नको, कडूच बोल म्हणा. पण बोल म्हणा."

बाया गेल्या. सर त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. काकूंच्या तळहातावर तो लाडू तसाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पलंगावरून पाय खाली सोडले. मला वाटलं न्हाणीकडे जायचं असेल, म्हणून मी आधार दिला. पण त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. देवाला दाखवल्याशिवाय तिळगूळ तोंडात घालायची बाई नव्हती ती. मी थांबवू शकले असते. नाही थांबवलं. खरं सांगायचं तर मलाही ते चौघं तसे बघवत नव्हते.

काकूंनी डाव्या हातानं देव्हाऱ्याचं दार उघडलं. आत नुसतं लाल कापड. मग नजर खाली आली. घंगाळ. त्या भिंतीला धरून वाकल्या, मी धरलं, त्यांनी ताटली बाजूला केली. तेवढ्यात सर दारात आले.

काकूंनी पाण्यात हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला, इतकं गार होतं ते. सरांकडे पाहिलं. त्यांचा सबंध चेहरा, चालणारी बाजू आणि न चालणारी बाजू, थरथरायला लागला. घशातून घरघर यायला लागली. मी घाबरले, म्हटलं पुन्हा झटका येतो की काय. सर पुढे धावले. काकूंनी डाव्या मुठीनं त्यांच्या छातीत एक ठोसा मारला, मग दुसरा, आणि तोंडातून आलं,

"हि... हिव."

मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"हिव... वाजन... त्याइले." प्रत्येक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर येत होता. "का... काढा!"

सर मटकन खाली बसले. गणपती त्यांच्या हातून निसटून दोनदा पाण्यात पडला. काकू वरून "हळू... हळू" करत होत्या. एकेक देव बाहेर आला. सरांनी गळ्यातला मफलर काढला आणि त्यानं प्रत्येकाला पुसलं, बाळकृष्णाची ओली टोपी काढून त्याला मफलरच्या टोकात गुंडाळलं. रडत होते, उघड उघड, पोरासारखे. मीही रडत होते. काकू तेवढ्या रडत नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष पिंड नीट कोरडी झाली का नाही याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तर सर जिन्यात. मला वाटलं, पेढे देतात. छे!

"सांग. आली का आणली?"

"काय?"

"वाचा! पुण्याच्या मालकाचं म्हणशील तं त्यानं काहीच केलं नाही, डोक्यातली फिटिंग आपसूक सुधारली. डॉक्टरही तेच म्हणते, रागात कधी कधी सुटते म्हणे जीभ. खालच्या मालकाचं म्हणशील तं घेरावाले भ्याला. पण मले हे पटत नाही वं." ते एका पायरीवर बसले, म्हणजे मला उशीर होणार हे नक्की झालं. "देवानं तिच्यासाठी काही केलं म्हणून नाही बोलली ती. देवाले कोणी वाचवणारं नव्हतं म्हणून बोलली. मी आरडलो, विनवलं, चिडवलं, माझ्यासाठी नाही बोलली. त्याइच्यासाठी बोलली. हे मी कोणत्या खान्यात टाकू?"

"टाकू नका सर. आत जा, काकू वाट पाहत असतील."

"हाव," ते म्हणाले. "भांडायचं राहिलं आहे तिचं. काल थकली म्हणून झोपली. आज सुरू करणार आहे ती." आणि असे उजळले की मला वाटलं, या माणसाला शिव्या खायची इतकी घाई झालेली मी पहिल्यांदा पाहतेय.

पुढे माझं लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. जाणं कमी झालं, तरी हिवाळ्यात एक चक्कर असतेच. गेल्या खेपेला गेले तेव्हा वरच्या खोलीसाठी एक नवीन मुलगी बॅग घेऊन दारात उभी होती आणि सर तिला विचारत होते, "तुझा देव कुठं राह्यते?" ती बिचारी गोंधळून गावाचं नाव सांगत होती. मी तिला म्हटलं, "घाबरू नको. नळ गळला तर वॉल्व गच्चीवर आहे."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. काकूंचं बोलणं आता सावकाश, मधला एखादा शब्द निसटतो, पण धार तीच. मला वाढताना मीठ ताटाच्या कोपऱ्यात जरा जास्तच वाढलं आणि सरांकडे बघून भुवई उडवली. देव्हाऱ्यात चौघं होते, बाळकृष्णाच्या डोक्यावर नवी टोपी. डाव्या हातानं विणलेली, त्यामुळे वेडीवाकडी, एका कानावर आलेली. सरांच्या गळ्यात मफलर नव्हता. तो देव्हाऱ्यात चौघांच्या खाली घडी करून अंथरलेला.

सर जेवता जेवता थांबले. "मी चारच खाने केले होते," मला म्हणाले. "आयुष्यभर पोरं शिकवली चारावर. पाचवा राहून गेला होता. ज्याच्यावाचून आपलं अडते असा देव सगळेच सांगतात. पण आपल्यावाचून ज्याचं अडते, तो? त्याच्यावर मी आता विचार करून राहिलो. असं पाहा, जगच जर देवाचं..."

"अहो," काकू म्हणाल्या. "मंग... करा विचार. आधी ते... ते..." शब्द सापडेना. त्यांनी हातातल्या पळीनं देव्हाऱ्याशेजारी बोट दाखवावं तसं दाखवलं. "खिडकी. वारा... येऊन राहिला. त्याइच्यावर."

सरांनी वाक्य तिथंच सोडलं. उष्टा हात धुतला, उठले आणि खिडकी लावली.